परीक्षण छापा, पण चालवणाऱ्याचं वजनही छापा

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत बर्फावर चालणाऱ्या गाड्यांबद्दल अर्धं पान आलं होतं. ते मी पोहे निवू देऊन वाचलं, आणि इंदूरचा माणूस पोहे निवू देतो म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको. फोटो झकास होते, लेखही एरवी चांगला होता. मुख्य म्हणजे एका जागी ठेचकाळलो. डोंगरातल्या नव्या स्नोमोबिलचं सस्पेन्शन मऊ आहे, त्यामुळे ती कुणालाही मानवेल, अशा अर्थाचं एक वाक्य त्यात आहे. मऊ म्हणजे कुणाला मऊ? माझ्या ९४ किलोंना, की आमच्या जावईबापूंच्या ६३ किलोंना? अशाच एका कोऱ्या गाडीवर आम्ही दोघं गेल्या फेब्रुवारीत आठ दिवस आलटून पालटून बसलो. मला ती गादीसारखी वाटली, त्यांना पाटासारखी. आणि पहिल्या दिवशी दोघांपैकी एकालाही ती धड चालवता आली नाही.

मी कोण ते आधी सांगतो, नाहीतर हा कुठला शहाणा असं वाटायचं. पीथमपूरच्या स्कूटर कारखान्यात तपासणी विभागात माझी उमेदीची वर्षं गेली. १९८४ साली आलेली कायनेटिक होंडा तिथली. ९८ सीसी, टू-स्ट्रोक, बटण दाबलं की चालू, आणि गिअरच नाही. लग्नकार्यात लोक मला कोपऱ्यात घेऊन विचारायचे, ‘गिअर नाही, तर चढावर कसं हो?’ मग मी दोन वाट्या आणि रुमालाची घडी घेऊन व्हेरिएटर समजावत बसायचो. दोन पुल्या, मध्ये पट्टा. इंजिनाचे फेरे वाढले की पुढची पुली आवळत जाते, मागची फाकत जाते, आणि गिअर आपोआप बदलल्यासारखा होतो.

लेक कॅनडात, ब्रिटिश कोलंबियातल्या रेव्हलस्टोकला नर्स आहे. जावई ग्वाल्हेरचे, जनकगंजचे. कॉम्प्युटरवरचं काम, अंगानं काडी, आणि बर्फाचं वेड डोक्यात. त्या भागात बर्फ म्हणजे काय पडतं, तर १९७१-७२ च्या हिवाळ्यात जवळच्या माउंट कोपलंडवर चोवीस मीटरांहून अधिक पडलं होतं. कॅनडातला तो विक्रम आहे. तर जावईबापूंनी डोंगरातली नवी स्नोमोबिल घेतली. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझं म्हणणं कुठल्या एका कंपनीबद्दल नाहीच.

गॅरेजमध्ये त्यांनी गाडीचं बाजूचं कव्हर काढलं आणि मी हसायलाच लागलो. समोर व्हेरिएटर! तोच पट्टा, त्याच दोन पुल्या, फक्त थाळ्याएवढ्या. आमच्याकडे पुलीत गोल रोलर असायचे, इथे फेऱ्यांबरोबर बाहेर फेकली जाणारी वजनं आहेत, एवढाच काय तो फरक. इंजिनही टू-स्ट्रोक, पण ८५० सीसीचं, १६५ च्या आसपास हॉर्सपॉवरचं. आमच्या स्कूटरची ताकद आठाच्या आत होती. चालू केल्यावर तो निळसर धूर आणि जळक्या तेलाचा वास आला, तेव्हा लेक नाक दाबून आत गेली आणि मी तिथेच उभा राहिलो. किती वर्षांनी आला तो वास.

आपल्या लेखातली दुसरी गल्लत, म्हणजे भाड्यानं फिरवून आणणारी गाडी आणि डोंगरातली गाडी एकच धरण्याची, इथेच मिटवतो. २०१९ मध्ये आम्ही उभयता गुलमर्गला गेलो होतो, तिथे भाड्याच्या ‘स्नो स्कूटर’वर चालवणाऱ्या पोराच्या मागे बसून फिरलो. ती दोघांना वाहून नेणारी गाडी, दाबलेल्या बर्फावर सरळ धावणारी. डोंगरातली गाडी वेगळी. पुढे दोन स्की, तेही एकमेकांजवळ, म्हणजे गाडी सहज कलावी. मागे चाकांच्या जागी रबरी ट्रॅक, १६५ इंच लांबीचा, आणि त्यावर तीन-तीन इंचांचे दात. ते दात भुसभुशीत बर्फात वल्ह्यासारखे चालतात. कोरडं वजन साधारण दोनशे किलो, म्हणजे आपल्या साडेतीनशेच्या बुलेटइतकंच. अन् एवढी ताकद. या दोन गाड्यांना एकाच परीक्षणात बसवणं म्हणजे टेम्पो आणि रेसची मोटारसायकल एका तराजूत घालणं.

पहिल्या दिवशी बोल्डर माउंटनला गेलो. निघण्यापूर्वी लेकीनं दोघांच्या गळ्यात हिमस्खलनाचं यंत्र अडकवलं. माणूस बर्फाखाली गाडला तर ते ४५७ किलोहर्ट्झवर संदेश देत राहतं आणि बाकीचे त्यावरून शोधतात. शिवाय प्रत्येकाकडे फावडं आणि टोचून पाहायची लांब काठी. त्या दिवशीचा हिमस्खलनाचा अंदाज तिनं फोनवर दोनदा वाचला आणि कुठल्या उताराकडे फिरकायचं नाही ते बजावलं. नर्स असली तरी आईवर गेली आहे.

वाटेवर बर्फ मशीननं दाबलेलं असतं, पण शे-दोनशे गाड्या गेल्या की त्यावर उंटाच्या पाठीसारखे उंचवटे होतात. मी पुढे, जावईबापू भाड्याच्या जुन्या गाडीवर मागे. तिसऱ्या-चौथ्या उंचवट्याला खाली ‘खट्’ असा आवाज आला आणि तो मणक्यातून टाळूपर्यंत गेला. हा आवाज मला पाठ आहे. शॉकअप तळाला टेकला की असाच येतो. वर मोकळ्या बर्फात चढ लागला, तर गाडीनं घोड्यासारखे पुढचे पाय उचलले. स्की हवेत, हँडल कुठेही वळवा, गाडी आपली सरळ. मी घाबरलो. आता घाबरल्यावर स्कूटरवाला काय करतो? हँडल घट्ट धरतो. या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर मनगटानं पिळायचा नसतो, उजव्या अंगठ्यानं दाबायची एक पट्टी असते. घट्ट धरलं की अंगठाही दाबला जातो. ट्रॅक जागच्या जागी फिरला, दातांनी खाली विहीर खणली आणि गाडी शेपटाकडून तीत बसली. मनगटाला बांधलेली सुरक्षा-दोरी ओढली तेव्हा इंजिन बंद झालं. फावड्यानं खणून, बाजूचं बर्फ तुडवून गाडी बाहेर काढायला आम्हाला चाळीस मिनिटं लागली. जावईबापू एक शब्द बोलले नाहीत, ग्वाल्हेरचे संस्कार.

दुपारी ते नव्या गाडीवर बसले आणि त्यांचं उलटंच. गाडी कलेचना. डोंगराच्या उताराला आडवं जाताना गाडी सपाट ठेवली तर ती खाली घसरते, म्हणून वरच्या अंगाला कलती करून एका कडेवर चालवायची असते. दोन्ही पाय वरच्या बाजूच्या पायरीवर, अंग डोंगराकडे, आणि हँडल मात्र दरीकडे वळवायचं. ऐकायला वेड्यासारखं वाटतं, पण कलती गाडी तशीच तोल धरते. जावईबापू सगळं बरोबर करत होते, पण पुढच्या स्प्रिंगा त्यांना सारख्या सपाटीवर ढकलत होत्या. ६३ किलोंचा माणूस लोंबकळतोय आणि गाडी ढिम्म. घरी आले तेव्हा दंड भरून आले होते.

रात्री जेवताना मी विषय काढला.

‘जावईबापू, गाडीचं सस्पेन्शन कुणी बसवून दिलं?’

‘शोरूममधून सेट होऊनच येते बाबा.’

‘त्यांनी तुमचं वजन विचारलं होतं?’

‘नाही.’

‘मग कुणाला धरून सेट केली?’

यावर लेक म्हणाली, ‘बाबा, आता भात खा.’

कारखान्यातून निघणारी गाडी कुणातरी मधल्या वजनाच्या माणसाला धरून बसवलेली असते, त्यात कंपनीचा दोष नाही. काहीतरी धरावंच लागतं. पण तो मधला माणूस आमच्या घरात कुणीच नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोघांची वजनं केली, तीही नुसती नाही. बूट, हेल्मेट, जाड कपडे, हिमस्खलनात फुगवायची पाठीवरची हवेची पिशवी, फावडं, पाणी, सगळ्यासकट. लेकीचा काटा पौंडात. माझे २०७ चे २३१ झाले, म्हणजे १०५ किलो. जावईबापू ७३. अंगावर दहा-अकरा किलो चढतात, हे आपल्या लेखात नाही. पण स्प्रिंगेला तुमचा पायजम्यातला आकडा ठाऊक नसतो.

मग टेपनं मोजमाप सुरू केलं. टाकी भरलेली. शेपटाचं हँडल धरून मागची बाजू पूर्ण वर उचलायची, जमिनीपासून उंची मोजायची. मग माणसानं चालवताना उभा राहतो तसं पायरीवर उभं राहायचं, दोन-तीनदा हलकं दाबायचं, थांबायचं आणि पुन्हा मोजायचं. जेवढा फरक येतो तेवढी गाडी ‘बसते’. एकूण हालचालीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतकी बसली तर बरं. जावई उभे राहिले, ४६ मिलिमीटर. मी उभा राहिलो, १०४. एकच गाडी, तीच स्प्रिंग, आणि फरक दुपटीहून जास्त! हे दोन आकडे मी लेकीच्या फ्रिजवर चुंबकानं चिकटवून आलो आहे.

या आकड्यांनी आदल्या दिवसाची सगळी कथा उलगडली. माझ्या वजनानं मागची बाजू खोल बसायची, म्हणून नाक वर, स्की हलके, चढावर हवेत, आणि उंचवट्यावर खट्. जावईबापूंच्या वजनाला तीच मागची बाजू ताठ उभी. वजन मागे यायलाच तयार नाही, सगळा भार पुढच्या स्कींवर, म्हणून हँडल जड आणि गाडी कलेना.

गाडी त्यांची, तेव्हा बसवायचीही त्यांनाच. मागच्या स्प्रिंगेचा कॅम, म्हणजे स्प्रिंग कमी-जास्त आवळणारी खाचांची कडी, पान्यानं दोन खाचा उतरवला. बसणं ४६ वरून ६८ वर आलं. पुढच्या दोन्ही शॉकअपच्या, स्प्रिंग आवळणाऱ्या चकत्या दोन-दोन फेरे सैल केल्या. उजव्या-डाव्या मोजूनच, नाहीतर गाडी एका अंगाला ओढते. खाली ट्रॅकच्या सांगाड्याला पुढच्या बाजूनं एक जाड पट्टा असतो, लिमिटर म्हणतात. सांगाड्याचं पुढचं टोक किती खाली उतरू द्यायचं ते हा पट्टा ठरवतो. आखूड केला की भार स्कींवर येतो आणि चढावर नाक खाली राहतं. लांब केला की नाक उचलतं. मला वाटलं मागचं मऊ केलंय तर नाक उचलेल, म्हणून पट्टा दोन भोकं आखूड केला. चुकलो. दुपारी जावई येऊन म्हणाले, ‘बाबा, हँडल पुन्हा जड झालं.’ एक भोक परत सोडलं आणि जमलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि वहीत लिहायची, हा कारखान्यातला नियम मी स्वतःच मोडला होता.

थंडीचा एक धडा मात्र मला नवा होता. सकाळी उणे अठरा होतं. शॉकअपमधलं तेल त्या थंडीत घट्ट होतं, आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं गाडी लाकडासारखी लागते. तिथल्या तिथे क्लिकर, म्हणजे शॉकअप मऊ-कडक करायची कळ, फिरवून मऊ केली, तर तेल गरम झाल्यावर ती डुलायला लागते. आम्ही ही चूक केली आणि तीही वहीत आहे. आणखी एक, संध्याकाळपर्यंत ट्रॅकच्या वरच्या पोकळीत आणि पाय ठेवायच्या पायऱ्यांवर बर्फ गोठून बसतं, त्याचंही वजन असतं. मापं घ्यायची ती बर्फ झाडून.

चौथ्या दिवशी जावईबापू एका झाडीतल्या उताराला आडवे गेले. मी खाली उभा राहून पाहत होतो. गाडी वरच्या कडेवर कलली, खालचा स्की अलगद हवेत, मागे पांढरी रेघ. देवदारांच्या बुंध्यांमधून इस्त्री फिरावी तशी गेली. वर जाऊन त्यांनी वळवली आणि तशीच परत आणली. हेल्मेट काढून काहीच म्हणाले नाहीत, फक्त अंगठा दाखवला. मग मी बसलो तर अर्थातच पुन्हा घोडा. ६८ वर बसवलेली गाडी माझ्याखाली कितीतरी जास्त बसत होती. माझी हौस भाड्याच्या गाडीवर भागवली.

एक गंमत सांगायची राहिली. या गाडीला रिव्हर्सचा गिअर नाही. बटण दाबलं की इंजिन बंद पडता-पडता उलट्या दिशेनं फिरू लागतं आणि गाडी मागे जाते. टायमिंग बिघडलेली जुनी टू-स्ट्रोक स्कूटर कधीकधी उलटी सुरू होते, हे मी इंदुरात एका गल्लीतल्या मिस्त्रीकडे पाहिलं होतं. मिस्त्री शिव्या देत होता. तीच खोड त्यांनी बटणावर आणून सोय करून टाकली! आणि इंजिन थंड राहतं ते ट्रॅकनं उडवलेल्या बर्फावर. कडक बर्फाच्या वाटेवर बर्फ उडत नाही, तापमान चढतं, म्हणून वाट खरवडणारे दोन तारेचे आकडे खाली सोडावे लागतात. असल्या गोष्टी आपल्या वाचकांना आवडल्या असत्या. बर्फावरच्या गाड्या बनवणाऱ्या सुरुवातीच्या लोकांपैकी एक, कॅनडातल्या क्वेबेकचे जोसेफ-आर्मां बॉम्बार्डिए यांचा लहानगा मुलगा १९३४ च्या हिवाळ्यात दगावला, कारण बर्फानं वाटा बंद होत्या आणि त्याला दवाखान्यात नेता आलं नाही, हेही लेखात हवं होतं. चैनीची म्हणून आपण जी गाडी छापली, तिच्या मुळाशी हे आहे.

आता मुद्द्याचं. आपण म्हणाल, इंदुरात कोण स्नोमोबिल घेतंय? कुणी नाही. पण आपली पुरवणी दर महिन्याला दुचाक्यांची परीक्षणंही छापते आणि त्यांतही ‘सस्पेन्शन आरामदायक’, ‘सस्पेन्शन कडक’ असंच असतं. परत आल्यावर मी सौभाग्यवतींची स्कूटर सर्व्हिसिंगला घेऊन गेलो. मागच्या शॉकअपच्या खाचा कितव्या घरात आहेत, असं तिथल्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, ‘अंकल, कंपनी से ही सेट आता है.’ मी म्हटलं, भिया, किसके वजन पर? तो माझ्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं चहा मागवला. मुलाचा दोष नाही, त्याला कुणी शिकवलेलंच नाही. आपल्या शेजारी पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा हायस्पीड ट्रॅक २०२१ पासून आहे, तिथे चाचणीच्या गाडीवर वजन मोजून ठेवतात. आणि इथे रामबागेत तीच गाडी ५० किलोंची कॉलेजकन्या आणि १०० किलोंचे तिचे काका एकाच खाचेवर चालवतात, आणि गतिरोधकावर कंबर धरून महापालिकेला बोलतात. महापालिकेला बोलायला माझी हरकत नाही, पण निम्मं दुखणं पान्याच्या दोन खाचांचं आहे.

तेव्हा विनंती एवढीच, की यापुढे कुठल्याही गाडीचं परीक्षण छापाल तेव्हा शेवटी एक ओळ द्या: चालवणाऱ्याचं वजन कपडे-हेल्मेटसह इतकं, स्प्रिंग कितव्या खाचेवर, मागे कुणी बसलं होतं का, बसलं असल्यास किती किलोंचं. वाचक स्वतःचं वजन त्याशेजारी ठेवून काय ते समजेल. आपल्या परीक्षकांना वजन छापायला संकोच वाटत असेल तर गाडी किती मिलिमीटर बसली ते छापा, मी समजून घेईन.

हा संकोच मलाही घरात भोवला आहे. सौभाग्यवतींनी वजन सांगायला साफ नकार दिला. मग मी स्कूटरच्या सीटवर शरबती गव्हाची २५ किलोंची दोन पोती ठेवली आणि मागे टेप लावली. वीस मिलिमीटर बसली. नंतर त्यांना नुसतं ‘जरा बसून बघ, सीट हलतेय का’ एवढंच म्हटलं. वरच्या गॅलरीतून शेजारीण बघत होती, तिनंच पोत्यांचं सांगितलं. तिसरं पोतं आणावं लागलं की नाही, ते इथे लिहीत नाही, कारण हे पत्र पोस्टात टाकायला त्यांनाच देणार आहे.

आपला वाचक,
स्कूटर कारखान्यातला एक निवृत्त तपासनीस
रामबाग, इंदूर
(कृपया नाव छापू नये.)